तीनशे बल्बांचं गाणं

खोली बघायला गेले तेव्हा घरमालकांनी मला भाडं सांगितलं नाही, पाणी किती वाजता येतं तेही सांगितलं नाही. व्हरांड्यात उभं राहून ते मला निरखून बघत होते, एवढ्यात आमच्या डोक्यावरचा छोटा बल्ब एकदा लुकलुकला. "चहा झाला," असं म्हणून ते आत निघून गेले. मी दाराशी तशीच उभी. थोड्या वेळानं बल्ब पुन्हा लुकलुकला, या खेपेला चारदा, आणि आतून एक बाई हसत बाहेर आल्या.

"चार म्हंजे तुम्ही," त्या म्हणाल्या. "भाडेकरूचा नंबर चार हाय. या आत, चहा निवू राह्यला."

ही दहा-बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. अंबडच्या कोर्टात स्टेनो म्हणून माझी बदली झाली होती आणि कोर्टापासून पायी जाता येईल अशी खोली हवी होती. ती मिळाली, आणि खोलीबरोबर हे दोघं मिळाले. ते एका साखर कारखान्यातून इलेक्ट्रिकल फोरमन म्हणून रिटायर झालेले, म्हणून सगळ्या कॉलनीचे फोरमनसाहेब. त्या जालन्याच्या मिशन दवाखान्यात नर्स होत्या, म्हणून सिस्टरबाई. कॉलनीत ख्रिस्ती घर हे एवढंच.

फोरमनसाहेबांना ऐकू येत नव्हतं. कमी येत होतं असं नाही, अजिबात येत नव्हतं. पन्नाशीनंतर हळूहळू कान गेले. पण "मला ऐकू येत नाही" असं वाक्य त्यांच्या तोंडून मी कधीच ऐकलं नाही. ते म्हणत, "माझ्याकडं आवाज बंद हाय." जणू वरून सप्लाय बंद झालाय आणि कधीतरी यायचाय. समोरच्याच्या ओठांवरून ते बरंचसं ओळखत, आणि स्वतः मात्र पलीकडच्या पिठाच्या गिरणीवर ऐकू जाईल अशा आवाजात बोलत. त्यामुळे आमच्या घरातली एकही गोष्ट गल्लीपासून लपून राहिली नाही. मला एकदा स्थळ आलं होतं, ते नाकारलं हे माझ्या आईच्या आधी गिरणीवाल्याला कळलं.

"अहो, अहो करून माझा घसा गेल्ता," सिस्टरबाई सांगत. "दवाखान्यात हाका मारायच्या त्या मारायच्या, घरी येऊन बी मारायच्या. मंग ह्यांनीच बटण करून दिलं." बटण स्वयंपाकघरात, ओट्याच्या बाजूला. बल्ब व्हरांड्यात एक आणि मागच्या पत्र्याच्या खोलीत एक, जिथं त्यांचं सामान असे. एकदा लुकलुकला की चहा. दोनदा की जेवण. तीनदा म्हणजे पाहुणे आले. तीनदा लुकलुकला की फोरमनसाहेब हातातलं असेल ते खाली ठेवत, हात पुसत आणि फाटकाकडे बघत. सिस्टरबाई तोवर पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आलेल्या असत. मग पाहुणा जावई असो की मीटरचं रीडिंग घ्यायला आलेला माणूस, आधी पाणी, मग काय काम आहे ते. या नियमाला त्या घरात अपवाद नव्हता. वर्षभरात मलाही सवय लागली. बल्ब तीनदा लुकलुकला की माझीसुद्धा मान फाटकाकडे वळायची.

कानांचं काम त्यांनी तळहाताला लावलं होतं. फ्रिजवर तळहात ठेवून कॉम्प्रेसर कधी बसणार ते सांगत. कोपऱ्यावरच्या डीपीच्या खांबाला हात टेकून कोणता फेज कमजोर आहे ते सांगत, आणि लाइनमन खरंच त्यांना विचारायला यायचा. सिस्टरबाई भाकरी थापायला लागल्या की हे ओट्याच्या दुसऱ्या टोकाला हात ठेवून उभे. "ही पाचवी," म्हणत. "ही जाड झाली." सिस्टरबाई मुद्दाम एखादी हवेत थापल्यासारखं करून फसवायला बघत, पण ते फसल्याचं मी पाहिलं नाही.

पहिल्या वर्षी दिवाळी झाली आणि लोक माळा उतरवायला लागले, तेव्हा हे चढवायला लागले. मी विचारलं तर सिस्टरबाई म्हणाल्या, "आता नाताळपर्यंत माणूस आपल्यात न्हाई असं समजा." ते खरंच होतं. पाण्याच्या टाकीवर वेताची चांदणी चढली. कठड्यावर तारेचे मेंढपाळ नि देवदूत आले, शेजारी मेंढरं, आणि मेंढरांच्या अंगावर सरकी काढलेला कापूस. व्हरांड्यात बाळ येशूच्या जन्माची गव्हाण, तिच्यात खरा कडबा. या सगळ्यांत मिळून बारा व्होल्टचे तीनशे बल्ब, एकेक हातानं रंगात बुडवून वाळवलेला, आणि मागे ट्रॅक्टरच्या दोन बॅटऱ्या, म्हणजे लाइट गेली तरी बल्ब विझायला नकोत. हे सगळं बघून मला कौतुक वाटलं, पण फार नाही. एवढं तर गणपतीत कुठलंही मंडळ करतं, असं मनात आलं.

मग त्यांनी कॅसेट लावली. पेटीवर वाजवलेली एक संथ धून होती, शब्द नव्हते. पहिल्या सुराला टाकीवरची चांदणी लागली. दुसऱ्याला तिची शेपटी. पेटी जशी वर चढली तसा कठड्यावरून उजेड पुढं सरकत गेला, आणि जिथं वाजवणाऱ्यानं भाता भरायला क्षणभर थांबावं तिथं उजेडही थांबला. एका मेंढरापाशी थांबला आणि मग पुढं गेला. मी बाजारातून आणलेली मेथी हातात धरून फाटकात उभी होते. असं काही मी आधी पाहिलं नव्हतं, आणि हे करणाऱ्या माणसाला त्यातलं काहीही ऐकू येत नव्हतं. माझे डोळे भरून आले, आणि मला कारण नीट सांगता आलं नसतं.

"मागं होतं का पुढं?" त्यांनी विचारलं. हा त्यांचा नेहमीचा प्रश्न. बल्ब सुराच्या मागं पडला की पुढं धावला. मी दोन्ही तळहात एका पातळीत धरून दाखवले, म्हणजे बराबर. त्यांनी मान हलवली आणि माझ्या हातातल्या मेथीकडे बघून म्हणाले, "जून हाय."

ते जमवलं कसं, हे दुसऱ्या दिवशी त्यांनी मला मागच्या खोलीत नेऊन दाखवलं. पूर्वी लग्नाच्या मांडवात धावत्या माळा असत, त्या एका लाकडी ड्रमवर चालत. ड्रमवर तांब्याच्या पट्ट्या ठोकलेल्या. ड्रम फिरला की पट्टी वरच्या पितळी जिभेला लागते आणि त्या जिभेची माळ पेटते. पट्टी लांब असेल तर माळ जास्त वेळ पेटते, आखूड असेल तर लुकलुकते. एवढंच यंत्र. फोरमनसाहेबांनी स्पीकरच्या पडद्यावर बोटं ठेवून ती धून महिनाभर चाचपली होती आणि एकेका सुराएवढी पट्टी कापून ड्रमवर बसवली होती. आणि कॅसेटची चकती नि ड्रम, दोन्ही एकाच मोटरवर. आमच्याकडे संध्याकाळी व्होल्टेज पडतं. मोटर मंदावली की गाणं रेंगाळायचं आणि दिवेही तेवढेच रेंगाळायचे.

"चुकलं तर दोघं संगं चुकतेत," ते म्हणाले. "मंग त्याला चूक कोन म्हणंल?"

शेजारच्या घरी पुण्याहून जावई आले होते. त्यांनी एक तयार डबी आणली होती, गाणं ऐकून आपोआप नाचणारी माळ. फोरमनसाहेबांनी ती फार आदरानं हातात घेतली, उलटीसुलटी केली, आणि जावयाला घेऊन गिरणीच्या दाराशी गेले. गिरणी चालू होती. माळ नाचायला लागली. गाडीचा हॉर्न वाजला, माळ नाचली. कुत्रं भुंकलं, तेव्हाही नाचली. फोरमनसाहेबांकडे आवाज बंद होता, पण माळ दिसत होती. त्यांनी डबी परत दिली. "ही गाण्यावर न्हाई नाचत, आवाजावर नाचती," ते म्हणाले.

लग्नांत रोषणाई करणारे एक चाचा त्यांना जुन्या ड्रमचं सामान देत. चाचांची दाढी दाट, ओठ दिसायचे नाहीत, म्हणून दोघं फरशीवर खडूनं लिहून भांडत. "मॅडम, ये सब भंगार हाय," चाचा मला सांगत, कारण फोरमनसाहेबांना सांगून उपयोग नव्हता. "एक चिप लावली की शंभर टाइपचा नाच. खर्चा बी कम. पर ये आदमी मानताच न्हाई." मग खाली वाकून फरशीवर फक्त 'किती जिभा?' एवढं लिहीत आणि पुढच्या खेपेला मोजून पितळी जिभा आणून देत. बिल दिल्याचं मी तरी पाहिलं नाही.

माझ्या तिसऱ्या वर्षी ती कॅसेट तुटली. मी म्हटलं, दुसरी आणू, फोनवरून वाजवू. फोरमनसाहेब म्हणाले, "न्हाई. औंदा माणसं."

माणसं म्हणजे कॅरल पार्टी. नाताळच्या आधीच्या आठवड्यात जालन्याहून चर्चची मंडळी टेम्पोत बसून निघत, ढोलक, पेटी आणि पंधरा-वीस गाणारे. दिवेलागणीला अंबडचं हे एक घर, मग अंकुशनगर, मग तीर्थपुरीची दोन घरं. दर वर्षी ते यायचे, अंगणात दोन-तीन गाणी म्हणायचे, करंज्या खाऊन जायचे. तेवढा वेळ फोरमनसाहेबांचा ड्रम बंद असायचा आणि ते स्वतः बाजूला खांबाला टेकून उभे असायचे. या वर्षी ती माणसं गाणार आणि त्यांच्या गाण्यावर दिवे चालणार, असं त्यांनी ठरवलं.

मला यातला हट्ट कळेना. मेथी निवडता निवडता सिस्टरबाईंनी सांगितलं, आणि त्या पहिल्यांदाच हळू आवाजात बोलल्या.

"हे चांगले गायचे. चर्चमधी पुढं बसायचे. कान गेले तरी गात होते, बाजूच्याच्या तोंडाकडं बघून बघून. मंग एकदा डोळे मिटले गाताना. गाणं संपलं, सगळे खाली बसले, आन हे एकटेच उभे. गातच राह्यले. पूर्ण एक ओळ. पोरं हसली. पोरंच ती, हसणारच. ह्यांनी डोळे उघडले तर सगळे बसलेले. तवापासून मागच्या बाकावर बसतेत, तोंड उघडलं न्हाई."

संध्याकाळी मी मागच्या खोलीत गेले तर ते कारखान्याच्या भंगारातून आणलेलं केबलचं एक भलंमोठं लाकडी रीळ घासत बसले होते. मला बघून त्यांनी पॉलिश पेपर ठेवला.

"स्टेनोबाई, मला बत्तीनं गायचंय," ते म्हणाले. "एकदाच. पण त्यांच्या संगं."

मोटर चालणार नव्हती. मोटर आपल्या चालीनं फिरते, माणसं त्यांच्या चालीनं गातात. म्हणून त्यांनी त्या रिळाला हातानं फिरवायचा दांडा बसवला, मध्ये एका मोडलेल्या रसवंतीच्या चरकाची दातेरी चाकं घातली. दांड्याचा एक फेरा म्हणजे सहा मात्रा. समोर ढोलकवाला बसेल, त्याच्या हाताकडे बघत हे दांडा फिरवणार. हात पडेल तशी मात्रा. रीळ पूर्ण एकदा फिरलं की गाणं संपलं. ते ऐकून मला धडकी भरली. ऐकू न येणारा माणूस, समोर वीस गाणारे, आणि सगळी भिस्त एका माणसाच्या तळहातावर.

गाणं त्यांनी निवडलं ते कुठल्या पुस्तकात नव्हतं. जालन्याच्या कुणा जुन्या मास्तरांनी जात्याच्या ओवीच्या चालीवर बांधलेलं, हातानं लिहिलेल्या कागदावरून आलेलं. त्यांना ते लहानपणापासून पाठ होतं. पण आताची मंडळी ते कोणत्या चालीनं म्हणतात, कुठं लांबवतात, कुठं श्वास घेतात, हे त्यांना कुणीतरी ऐकून सांगायला हवं होतं. इथं मी आले. रविवारी बसनं जालन्याला गेले, चर्चच्या मागच्या हॉलमध्ये कॅरल पार्टीच्या प्रॅक्टिसला वही-पेन्सिल घेऊन बसले. न्यायाधीश तोंडातल्या तोंडात बोलतात ते मी उतरवून घेते, तिथं गाणं काय अवघड. पहिलं कडवं मी अक्षर न अक्षर, मात्रा न मात्रा उतरवलं. कुठं श्वास, कुठं ढोलकची जादा थाप, सगळं. मग बघितलं की पुढच्या कडव्यांची चाल तीच आहे. कोर्टात एकासारखी दुसरी साक्ष आली की आम्ही जे लिहितो तेच मी लिहिलं, 'पुढील कडवी वरीलप्रमाणे', आणि वही मिटली. साडेपाचची बस मिळाली म्हणून स्वतःवर खूश होते.

फोरमनसाहेबांनी माझी वही चौकटीच्या कागदावर उतरवून घेतली, एक चौकट एक मात्रा. महिनाभर तांब्याच्या पट्ट्या कापत होते. पहिल्या कडव्यात चांदणी चालते. दुसऱ्यात मेंढपाळ जागे होतात, ढोलकच्या थापेला एकेक. तिसऱ्यात देवदूत येतात, तिथं रिळावर लाकूड दिसत नव्हतं इतक्या पट्ट्या. त्यानंतर मात्र रिळाचा जवळजवळ चौथा भाग मोकळा होता. त्याच्या सुरुवातीपासून शेवटापर्यंत एकच बारीक पट्टी गेलेली, आणि अगदी शेवटी तीन छोटे तुकडे. मी खूण करून विचारलं, हे राहिलंय का. ते म्हणाले, "हे योसेफचं." मला वाटलं जागा उरली म्हणून कुणाच्या तरी नावानं काहीतरी केलंय. मी पुढं विचारलं नाही.

त्या संध्याकाळी अख्खी कॉलनी रस्त्यावर होती. गिरणीवाल्यानं गिरणी बंद ठेवली होती, चाचा आपल्या नातवंडांना घेऊन आले होते. टेम्पो आला. बल्ब तीनदा लुकलुकला, सिस्टरबाई तांब्या घेऊन बाहेर आल्या, "सलाम बाई, सलाम साहेब" झालं. पार्टीचे मास्तर आणि चर्चचे पाळकसाहेब दोघांनाही कल्पना दिलेली होती. फोरमनसाहेबांनी ढोलकवाल्याला पायरीवर बसवलं, त्याची बाही वर सरकवली आणि त्याच्या मनगटाला आपला पांढरा रुमाल बांधला. "ह्याच्याकडंच बघतो मी," ते म्हणाले. "जोरात न्हाई वाजवला तरी चालंल, पण हात उचल." तो माणूस इतका घाबरला की पहिली थाप चुकतो की काय असं मला वाटलं. मग फोरमनसाहेब रिळापाशी गेले, दांड्याला हात घातला आणि बघत राहिले.

हात पडला. गाणं सुरू झालं आणि टाकीवरची चांदणी लागली.

मी वर्णन करायला बसले तर ते अपुरंच पडणार. त्या माणसानं डोळे रुमालावरून एकदाही हलवले नाहीत. बायकांनी एका ठिकाणी सूर लांबवला, चांदणी तिथंच थांबली. ढोलकवाला रंगात येऊन जरा पळायला लागला, तर मेंढपाळही लगबगीनं उठायला लागले. मग गाणाऱ्यांच्या लक्षात आलं. ते आधी वहीत बघून गात होते, त्यांनी वह्या खाली केल्या आणि दिव्यांकडे बघून गायला लागले. आता दिवे गाण्यामागं चालले होते की गाणं दिव्यांमागं, हे कुणालाच सांगता आलं नसतं. तिसऱ्या कडव्याला सगळं घर पेटलं. तीनशे बल्ब एकाच श्वासात वर चढत होते आणि उतरत होते. माझ्या शेजारी चाचा उभे होते, ते पुटपुटले, "या अल्ला, ये आदमी." कठड्याच्या उजेडात फोरमनसाहेबांचं तोंड दिसत होतं. ते ओठ हलवत होते. आवाज काढत होते की नाही माहीत नाही, पण गाण्यासाठी किती वर्षांनी त्यांचं तोंड उघडलं होतं.

तिसरं कडवं संपलं. ढोलकवाल्यानं तळहात चामड्यावर ठेवला. लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला.

फोरमनसाहेबांनी दांडा सोडला नाही. रीळ थांबलं होतं आणि तीनशे बल्ब होते तसे पेटून उभे होते. पाळकसाहेब हात पुढे करून त्यांच्याकडे गेले. त्यांनी हात मिळवला नाही, मान थोडी बाजूला करून ते ढोलकवाल्याचा रुमालच बघत राहिले. ते हात उचलायची वाट बघत होते. रिळाचा चौथा भाग अजून फिरायचा राहिला होता.

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. गाणं चार कडव्यांचं होतं. त्यांनी तीनच म्हटली होती, प्रॅक्टिसलाही तीनच, आणि मी 'पुढील कडवी वरीलप्रमाणे' लिहून बस पकडली होती. किती, ते लिहिलंच नव्हतं.

"संपलं?" फोरमनसाहेबांनी त्यांच्या त्या आवाजात विचारलं.

टाळ्या थांबल्या. मास्तरांनी जरा ओशाळून मान हलवली. संपलं.

फोरमनसाहेबांनी सगळ्यांच्या तोंडांकडे एकदा बघितलं. सगळी तोंडं मिटलेली होती. मग त्यांनी दांड्यावरचा हात काढला आणि शर्टाला पुसला. पुन्हा सगळे बसले होते आणि ते एकटे उभे राहिले होते, आणि या खेपेला ते माझ्यामुळे. मला तिथून पळून जावंसं वाटलं.

सिस्टरबाई करंज्यांचं ताट घेऊन दारात आल्या होत्या. त्यांनी ताट माझ्या हातात दिलं. पायरी उतरून ढोलकवाल्याशेजारी बसल्या, त्याच्या मनगटाचा रुमाल सोडला आणि दात व हात लावून स्वतःच्या मनगटाला बांधला. मग नवऱ्याकडे बघून हात वर उचलला आणि स्वतःच्या मांडीवर थाप मारली. फोरमनसाहेबांनी दांडा पकडला.

सिस्टरबाईंचा आवाज काही गाण्याचा नव्हता. वॉर्डात पेशंटच्या नातेवाइकांना हाका मारण्यात त्याची वाट लागलेली. त्या आवाजात त्यांनी एकटीनं सुरुवात केली:

"गेले मेंढपाळ रानी, गेले दूत गगनी,
योसेफ बसला जागा, वातीला हात धरुनी."

पहिल्या थापेला तीनशे बल्ब एकदम विझले. रस्त्यावरून 'अरे' असा एकच आवाज आला. लोकांना वाटलं फ्यूज गेला. मग डोळे सरावले आणि दिसलं की व्हरांड्यात, गव्हाणीच्या वर, एक बल्ब लागलेला आहे. बिनरंगाचा, साधा, चहाला लुकलुकतो तोच. एवढा महिनाभर खपून त्यांनी शेवटच्या कडव्याला फक्त तो एक दिवा ठेवला होता. सगळे आले, बघून गेले, आणि मागे दिवा सांभाळायला एक माणूस राहिला, बाळ येशूचा बाप योसेफ, त्याचं ते कडवं होतं. फोरमनसाहेब सावकाश दांडा फिरवत होते, आणि दिवा नुसता तेवत होता.

मास्तर माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "ताई, चौथं बी हाय का हो? आमच्याकडं झेरॉक्स हाय, एका बाजूची." त्या जुन्या कागदाची मागची बाजू कुणी झेरॉक्स केलीच नव्हती. मग त्यांनीच खालच्या सुरात चाल धरली, दुसऱ्या ओळीला बायकांनी हुंकार दिला, आणि ढोलकवाल्यानं सिस्टरबाईंच्या हाताबरोबर बोटांनी ठेका धरला. शब्द कुणालाच येत नव्हते, पण शेवटच्या ओळीपर्यंत एकही माणूस गप्प नव्हता. फोरमनसाहेबांना ते सगळ्यांच्या तोंडांवर दिसत होतं.

गाणं संपलं. रीळ अजून बोटभर राहिलं होतं. त्यांनी दांडा थोडा पुढं ढकलला आणि ते तीन छोटे तुकडे जिभेखालून गेले.

बल्ब तीनदा लुकलुकला.

इतकी वर्षं तो बल्ब सिस्टरबाई लुकलुकवत आल्या होत्या आणि फोरमनसाहेब बघत आले होते. त्यांच्या बाजूनं कधी काही आलं नव्हतं. सिस्टरबाईंनी झटकन मान वळवून फाटकाकडे बघितलं. करंज्यांचं ताट सांभाळत मीही बघितलं. फाटकात कुणी नव्हतं.

"कोन आलं?" सिस्टरबाईंनी विचारलं. फोरमनसाहेबांनी त्यांच्या ओठांकडे बघितलं, आणि एका हातानं दांडा धरून दुसऱ्या हातानं गव्हाणीतल्या कडब्याकडे बोट दाखवलं.

सिस्टरबाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या, पदर सारखा केला आणि पाणी आणायला आत गेल्या.